पूल १६५ दिवसांत होतो, मग रस्ता वर्षानुवर्षं का रखडतो?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहनं काळोखात थेट नदीत गेली. ती बातमी कोकणातल्या माणसाच्या अजून अंगावर येते. त्यानंतर काय झालं ते मात्र फारसं कुणाला आठवत नाही. ५ जून २०१७ ला, पुढचा पावसाळा लागायच्या तोंडावर, तिथे नवा पूल सुरू झाला. बांधकामाला लागले १६५ दिवस.

आता त्याच मुंबई-गोवा महामार्गावर मुंबईच्या दिशेने मागे या. पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा. त्याचं चौपदरीकरण सुरू झालं २०११ मध्ये, आणि तीनेक वर्षांत ते उरकायचं होतं. पुढे काय झालं ते दर गणपतीला पाठीच्या मणक्याने मोजणाऱ्या चाकरमान्याला सांगायची गरज नाही. श्रावण लागला की मंत्र्यांचा पाहणी दौरा, खड्डे बुजवण्याचे आदेश, मग नवी तारीख. २०११ पासून इतक्या तारखा झाल्या की आमच्या घरात आता ती कुणी विचारतही नाही.

महामार्ग तोच, पाऊसही तोच. म्हणजे आपल्या अभियंत्यांना काम येत नाही, असं म्हणायला जागा उरत नाही. मग फरक कुठे पडला?

पूल पडल्यावर चार गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या. पैसा लगेच बाजूला काढला गेला. जागा हातात होतीच, संपादनाची भानगड नव्हती. जबाब कुणी द्यायचा हे ठरलेलं होतं, कारण सगळ्या राज्याची नजर तिथेच होती. आणि पुढच्या पावसाळ्याची तारीख कुणाला पुढे ढकलता येत नव्हती. या चारही गोष्टी राजकारणाने दिल्या, कंत्राटदाराने नव्हे. म्हणून ‘राजकारणामुळे रस्ते खराब होतात’ हे वाक्य मला अर्धंच खरं वाटतं. रस्ता होतो तो राजकारणानेच, आणि रखडतो तोही त्यानेच. ते कसं, हे कळायला आधी रस्ता कागदावर कसा जन्माला येतो ते बघावं लागेल.

५०५४ चा नारळ, ३०५४ चा खड्डा

गावाने रस्ता मागितला, आमदारांनी पत्र दिलं, शाखा अभियंत्याने जागेवर येऊन अंदाजपत्रक केलं. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे प्रशासकीय मान्यता लागते, म्हणजे ‘हे काम करायचं’ असा सरकारी होकार. मग तांत्रिक मान्यता, म्हणजे ‘हे काम असं करायचं’. मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. काम चालू झालं की झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत चढतं, तिलाच सगळे एमबी म्हणतात. एमबीवरून देयक तयार होतं आणि पैसे निघतात. निविदेपासून देयकापर्यंतच्या वाटेवर आमदार-खासदाराची सही जवळजवळ कुठेच लागत नाही. कागदोपत्री ते या खेळात नाहीतच.

पण सुरुवात त्यांच्या हातात असते. कुठला रस्ता अर्थसंकल्पात येणार, पुरवणी मागणीत कुणाची कामं घुसणार, हे तिथे ठरतं. जून २०२२ मध्ये राज्यातलं सरकार पडलं तेव्हा बंडखोर आमदारांची एक उघड तक्रार हीच होती की आमच्या मतदारसंघाला निधी मिळत नाही. त्या निधीतला मोठा वाटा रस्त्यांचा असतो. ज्या गोष्टीवरून सरकारं डगमगतात, तिला नुसतं बांधकाम म्हणणं भाबडेपणाचं आहे.

बांधकाम खात्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कुठल्याही कार्यालयात दहा मिनिटं बसलात तर दोन आकडे कानावर पडतील: ३०५४ आणि ५०५४. ही लेखाशीर्षं, म्हणजे सरकारी हिशोबाचे कप्पे. ५०५४ मध्ये रस्ते-पुलांची नवी, भांडवली कामं येतात. ३०५४ मध्ये देखभाल-दुरुस्ती. तिसरा एक आकडा २५१५, तो ‘लोकप्रतिनिधींनी सुचवलेल्या’ ग्रामीण कामांचा, आणि त्याचं नावच इतकं प्रामाणिक आहे की वेगळं स्पष्टीकरण नको.

आता तुम्ही आमदार आहात असं समजा. ५०५४ चं काम आणलं की भूमिपूजन होतं, नारळ फुटतो, कोनशिला बसते, फ्लेक्स लागतो. ३०५४ मधून रस्त्याखालची मोरी साफ केली, बाजूपट्टी भरली, गटार मोकळं केलं, तर कोण फोटो काढणार? साचलेलं पाणी काढून दिलं तर डांबरी रस्ता टिकतो, हे खात्यातल्या मैलकुलीलाही माहीत आहे. डांबराचं खरं वैर पाण्याशी असतं, गाड्यांशी नंतर. पण गटार साफ केल्याबद्दल आजवर कुणाचा सत्कार झालेला मी पाहिलेला नाही. म्हणून दहा हजारांची मोरी तुंबलेली राहते आणि तिच्यामुळे उखडलेल्या रस्त्याला चार वर्षांनी काही लाखांचं ‘नूतनीकरण’ मंजूर होतं. त्यालाही नारळ असतोच.

एका भाकरीचे बारा तुकडे

माझ्या मते खरं दुखणं इथे आहे, आणि चर्चेत ते सगळ्यात कमी येतं. टक्केवारीवर सगळेच बोलतात.

समजा एका विभागाकडे वर्षाला रस्त्यांसाठी १०० कोटी आहेत. शहाणपणाचा हिशोब असा की १०० कोटींचीच कामं घ्यावीत आणि ती पुरी करावीत. पण मतदारसंघ बरेच, प्रत्येकाला काहीतरी दाखवायचंय. म्हणून ४०० कोटींची कामं मंजूर होतात आणि प्रत्येकाला अर्थसंकल्पात थोडी थोडी तरतूद टाकली जाते. खात्यात तिला टोकन तरतूद म्हणतात. सगळ्यांचे नारळ फुटतात, सगळ्यांची पत्रकं निघतात. कंत्राटदार खडी टाकतो, पहिलं देयक निघतं, दुसरं अडकतं. मग तो यंत्रं उचलून दुसऱ्या साइटवर जातो. गावाला दिसतं ते एवढंच की रस्ता उकरला आणि माणसं गायब झाली.

हा फुगा किती मोठा होतो ते २०२५ मध्ये राज्याने पाहिलं. कंत्राटदारांच्या संघटना रस्त्यावर आल्या, आणि वेगवेगळ्या खात्यांकडची थकबाकी ८० हजार कोटींच्या वर असल्याचा दावा त्यांनी केला. आकड्यावर वाद घालता येईल, पण थकबाकी आहे हे कुणी नाकारलं नाही.

याचा एक परिणाम लगेच ध्यानात येत नाही. जिथे पैसे कधी मिळतील याचा नेम नाही, तिथे निविदा भरायला कोण उरतं? नीट काम करणारा, बँकेचं कर्ज वेळेवर फेडणारा कंत्राटदार दोन-तीनदा पोळला की बाजूला होतो. उरतो तो, ज्याची मंत्रालयात ऊठबस आहे, ज्याला आपलं देयक रांगेत पुढे कसं न्यायचं हे येतं. ती ऊठबस फुकट नसते. तिचा खर्च त्याला त्याच रस्त्यातून काढावा लागतो. म्हणजे आधी वशिल्याची माणसं आली आणि मग रस्ते बिघडले, इतकं ते सरळ नाही. आधी पैशांची वाटणी विस्कटली, तिने वशिलेबाजाला जागा करून दिली, आणि मग रस्ता बिघडला.

शेजारच्या कर्नाटकात कंत्राटदारांच्या संघटनेने २०२१ मध्ये थेट पंतप्रधानांना पत्र लिहून ४० टक्के कमिशन मागितलं जात असल्याचा आरोप केला होता. तिथल्या तत्कालीन सरकारने तो नाकारला, पण २०२३ ची निवडणूक त्या आकड्याभोवती फिरली. आपल्याकडे असा आकडा कुणी लिहून देत नाही. चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाकडे एकेक आकडा असतो.

आडनावाची गोष्ट

टपरीवरच्या गप्पा पुरावा होत नाहीत. मग राजकारणाचा हात निविदेपर्यंत पोचतो हे सिद्ध करायचं कसं? काही अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी एक झकास युक्ती काढली.

२५ डिसेंबर २००० ला प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. ५०० हून जास्त वस्तीच्या (डोंगरी-आदिवासी भागात २५० च्या) बारमाही रस्ता नसलेल्या गावांना रस्ता द्यायचा. कुठलं गाव आधी, हे लोकसंख्येवरून ठरणार. निविदेत आमदाराला काही अधिकार नाही. पुढची पाच वर्षं देखभाल त्याच कंत्राटदाराकडे. कागदावर तरी ही राजकारणापासून सगळ्यात दूर ठेवलेली योजना.

संशोधकांनी देशभरातल्या या रस्त्यांच्या कंत्राटदारांची नावं आणि तिथल्या आमदारांची नावं शेजारी ठेवली आणि दोघांचं आडनाव जुळतं का ते पाहिलं. आपल्या देशात आडनावावरून जात, भाग, कधी नातं कळतं. सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी. आता कुणी म्हणेल, ज्या भागात पाटील जास्त तिथे आमदारही पाटील आणि कंत्राटदारही पाटील, त्यात काय विशेष? बरोबर. म्हणूनच त्यांनी अगदी थोड्या मतांनी लागलेल्या निवडणुका निवडल्या. तिथे कोण जिंकला हे जवळजवळ नाणेफेकीसारखं असतं. एकूण वस्ती तीच, जातींचं गणित तेच, फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला. आणि तरीही नवा आमदार आल्यावर त्याच्या आडनावाच्या कंत्राटदारांचा वाटा ४ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर गेला.

पुढचा निष्कर्ष जास्त बोचतो. अशी मेहेरनजर झालेल्या रस्त्यांना खर्च जास्त आला. शिवाय ते ‘हरवण्याची’ शक्यताही वाढली. हरवणं म्हणजे काय? योजनेच्या नोंदीत रस्ता पूर्ण आणि पैसेही चुकते, पण २०११ च्या जनगणनेत पाहिलं तर त्या गावाला पक्का रस्ताच नाही.

इथे एक सावधगिरी. आडनाव जुळलं म्हणजे तो मेहुणा असलाच पाहिजे असं नाही, आणि एका रस्त्यावरून एका माणसाला दोषी धरता येत नाही. ही हजारो रस्त्यांची सरासरी आहे. आपल्या गावच्या कंत्राटदाराचं आडनाव बघून लगेच फेसबुकवर लिहायला बसू नका.

दोन पावसाळ्यांच्या मधली आचारसंहिता

आपल्याकडे रस्त्याचं काम ऑक्टोबर ते मे. पावसात डांबर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं, अक्षरशः. म्हणजे वर्षातून साधारण आठच महिने हातात.

२०२४ चं वर्ष आठवा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि जूनमध्ये उठली. पाऊस आला. पाऊस सरतो न सरतो तोच १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली, ती नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत. कामाच्या हंगामातले पावणेचार-चार महिने असे गेले.

पण आचारसंहितेत काम बंद होतं, हे अर्धवट ऐकलेलं आहे. नियम असा: जे काम प्रत्यक्ष जागेवर सुरू झालंय ते चालू ठेवता येतं. कार्यारंभ आदेश निघालाय पण फावडं लागलं नाही, ते सुरू करता येत नाही. झालेल्या कामाचे पैसे द्यायलाही आडकाठी नाही. हा एक नियम समजला की निवडणुकीआधीच्या आठवड्यात दिवसाला आठ-आठ भूमिपूजनं का होतात याचा उलगडा होतो. कुदळ एकदा मारली की काम ‘सुरू’. मग एक डंपर खडी ओतायची, जेसीबीने दहा फूट खरवडायचं, फोटो काढायचा. त्या घाईत वीजखांब हलवले का, पाण्याची लाइन कुठून जाते, मोजणी झाली का, हे कोण बघतो? रस्ता होतो, आणि महिन्याभरात नळपाणी योजनेवाले तो खणतात.

निवडणुकीनंतरचा भाग वेगळा. २०१९ च्या अखेरीस आलेल्या महाविकास आघाडीने आधीच्या सरकारच्या न सुरू झालेल्या कामांना ब्रेक लावला. जून २०२२ च्या अखेरीस आलेल्या शिंदे-फडणवीस सरकारने आघाडीच्या मंजूर कामांना स्थगिती दिली, आणि ते प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. दोघांचीही कारणं सारखीच होती: घाईत मंजुरी, पैशांची सोय नाही. गंमत म्हणजे दोघांचंही म्हणणं बऱ्याच अंशी खरं असणार. पण गावाच्या बाजूने बघितलं तर रस्ता दोनदा मंजूर झाला, दोनदा थांबला आणि दरम्यान डांबर, सिमेंट, डिझेल महागलं. जुन्या दराच्या अंदाजपत्रकात तो आता बसत नाही, मग रुंदी किंवा लांबी कापायची. शेवटचे तीनशे मीटर कच्चे राहिलेले रस्ते असेच तयार होतात.

समृद्धीला जमलं ते कोकणाला का नाही?

आता मोठ्या रस्त्यांकडे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. घोषणा २०१५ ची. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा भाग ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला. दहा वर्षं. या काळात राज्यात सत्ता दोनदा पालटली.

त्याचं राजकारण मजेशीर आहे. सुरुवातीला शेतकऱ्यांचा कडवा विरोध होता, आणि २०१७ मध्ये उद्धव ठाकरे विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. रस्ता बांधणाऱ्या महामंडळाचे मंत्री होते त्यांच्याच पक्षाचे एकनाथ शिंदे, आणि प्रकल्प होता फडणवीसांचा. पुढे ठाकरे मुख्यमंत्री झाले तेव्हा त्याच महामार्गाला बाळासाहेबांचं नाव मिळालं. मग शिंदे मुख्यमंत्री झाले आणि पहिल्या टप्प्याचं लोकार्पण त्यांच्या काळात झालं. म्हणजे प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी होतं. सत्ता पालटली तरी ज्या रस्त्याला कुणी हात लावत नाही, तो बहुधा असा सगळ्यांनी वाटून घेतलेला असतो.

पण नुसतं तेवढं नाही. समृद्धीत आधी जमीन घेतली. शेतकऱ्यांशी थेट खरेदीखत, बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दर, पैसे लवकर खात्यात. बांधणारी संस्था एक, रस्ते विकास महामंडळ. हेच महामंडळ १९९६ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी जन्माला आलं होतं. खासगी कंपनीची निविदा फार चढी वाटली म्हणून त्या वेळच्या सरकारने ती नाकारली आणि स्वतः रस्ता बांधला.

मुंबई-गोव्याचं याच्या उलट झालं. पनवेल-इंदापूर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, इंदापूरपासून झारापपर्यंतचा रस्ता राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या महामार्ग शाखेकडे, आणि तोही दहा पॅकेजमध्ये तोडलेला. पहिला तुकडा ‘बांधा-वापरा-हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिला गेला, म्हणजे कंत्राटदाराने आपले पैसे घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे. जमीन पूर्ण ताब्यात नाही, कर्नाळा अभयारण्याची परवानगी अडलेली, आणि कंत्राटदाराची आर्थिक ताकद संपली. शेवटी ते काम काढून घेऊन पुन्हा दोन भागांत द्यावं लागलं. सिंधुदुर्गातला कणकवली-कुडाळचा भाग बराच आधी झाला. संगमेश्वर-लांज्याच्या बाजूची पॅकेजं मागे पडली. एकाच महामार्गावर तालुका बदलला की नशीब बदलतं.

जमिनीचं गणित तर आणखी किचकट. महामार्गाला जमीन जाणाऱ्या गावात बसलात तर म्हातारी माणसंसुद्धा ‘थ्री-ए झालं, थ्री-डी झालं, थ्री-जी कधी?’ असं बोलतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्याची ही कलमं. ३ए म्हणजे जमीन घेणार अशी सूचना, ३डी झालं की जमीन सरकारची, ३जी मध्ये मोबदला ठरतो. कोकणात एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली अर्धी मुंबईत, दोन परदेशात, एक वारलेला. मोबदला कुणाला, हे ठरेपर्यंत पावसाळे जातात. यात राजकारण कुठे? बाजारपेठेतून रस्ता गेला तर व्यापारी नाराज, बायपास काढला तर शेतकरी नाराज. आखणी ठरवायला पुढारी बिचकतात आणि न ठरवण्याचा खर्च कुणाच्याच नावावर लिहिला जात नाही.

शक्तिपीठ महामार्गात हे सगळं ताजं ताजं बघता येतंय. वर्ध्यातल्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरची मूळ आखणी. कोल्हापुरात शेतकरी उठले, आणि विधानसभेच्या तोंडावर, ऑक्टोबर २०२४ मध्ये, कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. निवडणूक पार पडली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने त्याच महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटींची तरतूद मंजूर केली. हा रस्ता हवा की नको यावर मी इथे बोलत नाही. पण मतदानाआधीचं ‘नाही’ आणि मतदानानंतरचं ‘हो’ यांत सातबारे बदलले नव्हते.

आणि समृद्धीला एकदम डोक्यावर घ्यायचंही कारण नाही. ५२० किलोमीटर सुरू केले तेव्हा वाटेत धड पेट्रोल पंप, स्वच्छतागृह, विसाव्याची जागा नव्हती. लोकार्पणाची तारीख आधी आली, सोयी नंतर. तारखेचं राजकारण रस्ता रखडवतं तसंच अर्धवट रस्ता उघडतंही.

चिखल कुणावर पडतो

जुलै २०१९ मध्ये कणकवलीत महामार्गाच्या अवस्थेवरून एका आमदाराने आणि त्याच्या कार्यकर्त्यांनी महामार्गाच्या उपअभियंत्यावर बादलीने चिखल ओतला. चित्रफीत सगळ्यांनी पाहिली, आमदाराला अटकही झाली. पुष्कळांना तेव्हा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्या उपअभियंत्याच्या हातात काय असतं बघा. जमीन महसूल खातं देणार, पैसा दिल्ली किंवा मंत्रालय देणार, कंत्राटदार आधीच नेमलेला. याच्या हाती एमबी आणि सही. कायद्याने त्याला साधारण तीन वर्षं एका जागी ठेवायला हवं, राज्याचा २००५ चा बदल्यांचा कायदा तसं सांगतो. पण खराब कामाचं देयक अडवणाऱ्याची ‘प्रशासकीय कारणास्तव’ मधेच बदली होऊ शकते, आणि हे त्यालाही ठाऊक असतं आणि कंत्राटदारालाही.

आमच्या गावात असेच एक निवृत्त उपअभियंता राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. गेल्या मे महिन्यात वाडीचा रस्ता कडेने तुटला होता, तिथे ते शाळेतली सहा इंची पट्टी घेऊन उकिडवे बसले होते.

“नाना, काय बघताय?”

“जाडी. डांबराचं कार्पेट वीस मिलिमीटरचं आहे अंदाजपत्रकात. हे बघ.” पट्टीवर चौदा-पंधरा मिलिमीटर भरत होते.

“पाच मिलिमीटरने असा काय फरक पडतो?”

“तूच कर हिशोब.” मी मोबाइलवर केला. एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद, वीस मिलिमीटर जाड: ७५ घनमीटर माल. पंधराने केला तर साधारण ५६. चौथा हिस्सा माल टाकलाच नाही, आणि वरून चालणाऱ्याला पहिल्या दिवशी काही कळत नाही. काळाभोर, गुळगुळीत. उद्घाटनाच्या फोटोत तर तो वीसवाल्यापेक्षा छान दिसतो.

मला इंडोनेशियातला एक प्रयोग आठवला. तिथे सहाशेहून अधिक खेड्यांतल्या रस्त्यांचं अभियंत्यांनी खरोखर खोदून मोजमाप घेतलं, दाखवलेला खर्च आणि जमिनीत सापडलेला माल यांचा मेळ घातला. काही गावांना आधीच सांगितलं होतं की तुमचं सरकारी ऑडिट नक्की होणार. त्या गावांत गळती आठ टक्के बिंदूंनी कमी झाली. नुसत्या ग्रामस्थांच्या बैठका वाढवल्या तिथे मात्र फारसा फरक पडला नाही. बैठकीत मजुरीची चोरी लोकांना दिसते, खडीच्या थराची दिसत नाही.

नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “इंडोनेशियाला कशाला जातोस? माहिती अधिकार वाच. त्याच्या व्याख्येतच आहे, कामाची पाहणी करता येते आणि मालाचा प्रमाणित नमुना मागता येतो. लोक नुसत्या झेरॉक्सच मागतात.”

मग त्यांनी अर्ज सांगितला आणि मी लिहिला. अंदाजपत्रकाची प्रत, एमबीची पानं, दोषदायित्वाचा कालावधी कधी संपतो, आणि रस्त्याच्या थराचा नमुना आमच्यासमोर काढून द्यावा. दोषदायित्व म्हणजे काम झाल्यावर ठराविक काळात रस्ता उखडला तर कंत्राटदाराने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा. कामाच्या जागी लावायच्या फलकावर ती तारीख असायला हवी. आमचा फलक पहिल्याच वाऱ्यात पडला होता, त्याचा पत्रा कुणाच्या तरी गोठ्यावर आहे.

उत्तर आलं एका पानाचं. अंदाजपत्रक जोडलं होतं. एमबी ‘लेखापरीक्षणास पाठवली असल्याने उपलब्ध नाही’. नमुन्याबद्दल एक अक्षर नाही. दोषदायित्व अजून दीड वर्ष बाकी. आणि शेवटची ओळ: ‘सदर रस्त्याच्या नूतनीकरणाचे काम पुढील आराखड्यात प्रस्तावित आहे.’

नानांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं. कंत्राटदाराने आपल्या खिशातून करायचं काम सरकार पुन्हा पैसे देऊन करणार होतं, बहुधा दुसऱ्या लेखाशीर्षातून, आणि वाडीतल्या लोकांना ही आनंदाची बातमी आधीच मिळाली होती. त्यांनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली.

“पहिलं अपील टाक. तीस दिवसांच्या आत. आणि नमुन्याचा मुद्दा सगळ्यात वर लिही.”